छाट

अक्का, त्या वर्षी तुझ्या वाटणीच्या विड्या मी वळल्या.
रोज पाचशे, माझ्या पाचशेच्या वर.
अम्मा म्हणाली होती, हिच्या बोटांना डाग नको,
स्टेजवर हात दिसतात.
मग तो डाग माझ्या बोटांना दुप्पट लागला.
अजून आहे.

दत्तनगरच्या त्या एका खोलीत
तू चालायला शिकलीस.
दारापासून मोरीपर्यंत सात पावलं,
मोरीशी वळण,
परत सात.
डोक्यावर सूप, सुपात भिजवलेली पानं,
एक पान पडलं की अम्मा कात्री वाजवायची.
टाचेच्या चपला बोमड्यालांच्या सुनेच्या, लग्नातल्या,
एक नंबर मोठ्या,
पुढे सुताची गुंतवळ कोंबलेली.
नान्ना लूमवरून यायचे, कानात अजून खडखडाट,
मोठ्यानेच विचारायचे, हिला चावी कुणी दिली?
आणि ताट ओढायचे.
मनाई केली नाही त्यांनी.
बघायलाही आले नाहीत.

स्मृती मंदिरात पुढे डॉक्टर, कारखानदार, त्यांच्या बायका.
मागे आपली गल्ली, दहा रुपयांच्या तिकिटावर,
पदरात कडक भाकरी बांधून.
परीक्षक बाईंनी विचारलं,
जगातली सर्वांत सुंदर स्त्री कोण?
तुझ्या आधीच्या तिघी आई म्हणाल्या होत्या.
तू माइक दोन्ही हातांनी धरलास, सुपासारखा,
म्हणालीस,
जिची छाट निघत नाही ती.

पुढच्या रांगा गप्प.
मागून शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी रडलंसुद्धा.
परीक्षकांना वाटलं काहीतरी तत्त्वज्ञान असेल.
मुकुट तुला मिळाला.

वर्षभर तू मिस सोलापूर होतीस.
सायकलच्या दुकानाची फीत कापलीस,
एका बोअरवेलला नारळ फोडलास, पाणी लागलं नाही.
कुरापाटी शेठनी गुलाबी टॉवेलात गुंडाळून
तुझा फोटो काढला, खोक्यावर छापायला.
अकराशे रुपये आणि डझनभर टॉवेल.
पुण्याहून साडीच्या कॅलेंडरचं बोलावणं आलं,
तिथे म्हणाले, उंची दीड इंच कमी पडते.
तू येताना एस.टी.त उभी राहून आलीस.
जागा होती म्हणे.

मुकुट परत द्यायचा असतो
हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.
संयोजकांचा पोऱ्या स्कूटरवर आला,
अम्माने तो राखेने घासून, पुसून,
जेवणाच्या डब्यासारखा फडक्यात बांधून दिला.

मग भिवंडी.
सासरी तुझ्याआधी तुझा खोका पोचलेला.
सासूने तो फळीवर पालथा ठेवला.
सहा वर्षं.
परतलीस तेव्हा दोन पोरं, एक शिलाई मशीन,
आणि चाल तशीच, मान तशीच.
स्टँडवरच्या हमालाने सामान उचलायच्या आधी
बाजूला होऊन वाट दिली.

आता गणवेशाच्या कारखान्यात माप घेतेस.
शाळेच्या पोरींना म्हणतेस, पोट आत नको घेऊ,
श्वास घे, कपडा तुझ्यासाठी आहे.
तो खोका अजून छापतात.
तू त्याच्यावर एकोणीसचीच.
गड्ड्याच्या जत्रेत एका बाईने तो हातात घेतला,
तुझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं,
आणि दुकानदाराला म्हणाली, रंग जाईल का हो?
आपण दोघी भज्यांच्या गाडीपर्यंत हसत गेलो.
भजी तू खाल्ली नाहीस.

परवा माझा खांदा धरला.
तू न बोलता माझं सूप ओढलंस,
कात्री, पत्र्याचं माप, दोरा.
तीस वर्षांनी बोटं आधी चाचपडली,
मग आपोआप वळायला लागली.
पहाटेपर्यंत दोनशे.
बोटं नाकाशी नेऊन म्हणालीस,
हा वास मी विसरले होते.

कारखान्यात मुनशीने विड्या टेबलावर पसरल्या,
अंगठ्याने एकेक बाजूला सारत गेला.
संध्याकाळी तू दारातच उभी.
किती निघाली छाट?

चार, म्हणाले मी.
तुझी मान जराशी वर झाली.
सव्वीस होती, अक्का.